घोट्याशी घट्ट, वर सैल: दाबाच्या मोज्यांची पार्श्वभूमी

ऊसतोडीचा हंगाम संपवून बीडकडे परतणारे मजूर, फळ्यासमोर उभे राहणारे मास्तर, कढईपुढचे आचारी यांची संध्याकाळची तक्रार एकच असते: पाय भरून येतात. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागल्या की डॉक्टर कॉम्प्रेशन सॉक्स लिहून देतात. वस्तू नवी वाटली तरी तिची कूळकथा जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे 14 प्रकार सांगितले आहेत. त्यांतला ‘अनुवेल्लित’ हातापायांसाठी. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतही पायाच्या जखमेवर पट्टी आवळत. गुण येई, पण का येतो हे उमगायला शिरांचं कामकाज कळावं लागलं. 1603 मध्ये इटलीतल्या पादुआच्या फाब्रिशियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने शिरांमधल्या झडपांचं सविस्तर वर्णन केलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं. उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेत पाऱ्याच्या साधारण 80 ते 90 मिलिमीटरइतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, झडपा ते परत येऊ देत नाहीत आणि दाब उतरतो. झडपा निकामी झाल्या की रक्त साचतं, शीर फुगते.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यविशारद रिचर्ड वाइझमन याने 1676 च्या लेखनात नाडीने आवळायचा चामडी मोजा सांगितला. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ झालं आणि लवचीक मोजे आले. नुसतं आवळणं मात्र धोक्याचंच. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पोटऱ्यांना करकचून गुंडाळलेल्या पट्ट्यांनी खंदकातल्या ओल्या, गारठलेल्या पावलांची अवस्था आणखी बिघडवली असं मानलं गेलं.

खरी कलाटणी दिली ती कॉनराड जॉब्स्ट या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन अभियंत्याने. त्याला स्वतःला शिरांचा त्रास होता आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की आराम पडे. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याला सर्वाधिक आणि वर कमी कमी. गंगाखेडच्या घाटावर छातीभर गोदावरीत उभं राहणाऱ्यालाही हाच अनुभव येईल. जॉब्स्टने तोच उतरता दाब विणकामात आणला आणि 1950 च्या सुमारास आजच्या मोज्याचा साचा ठरला.

पुढे या मोज्याचं कौतुक जरा अतीच झालं, असं माझं मत. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताच्या रुग्णांना मांडीपर्यंतचे मोजे घालूनही खोल शिरांतल्या गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला इजा वाढल्या. सूज उतरवण्यात आणि शिरांमुळे चिघळलेली जखम भरून आणण्यात मात्र दाबाचं काम पक्कं आहे. नांदेडसारख्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यात पायाच्या सुजेसाठीही दाब वापरतात, पण पाय रोज धुणं आणि कातडी जपणं त्याच्या आधी येतं.

धमनीच आकसलेली असेल तर हाच मोजा पावलाचं रक्त आणखी तोडतो. म्हणून मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी पावलाची नाडी तपासून घ्यावी. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यायचं: घोटा आणि पोटरी दोन्हींचा घेर, टेपने. चपलेच्या नंबरावरून दिलेला मोजा दुकानातच परत करावा. बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात हे मोजे अंगावर ठेवणं जिवावर येतं हे खरंच. तेव्हा निदान किती तास घालायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.