झळ कुठून उठते, ते काढून दाखवा

‘पाळी जायला आली तेव्हा काय काय झालं?’ असं थेट विचारलं, की बहुतेक बायका म्हणतात, ‘काही नाही, वय झालं.’ तोच प्रश्न जमिनीवर मोठा कागद पसरून, हातात खडू देऊन विचारला, की हात चालायला लागतो आणि मागोमाग बोलणंही सुरू होतं. आपल्या देहाचा नकाशा काढण्याची ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत या शतकाच्या सुरुवातीला एचआयव्हीबाधित बायकांसोबत वापरली गेली. रजोनिवृत्तीसाठी ती फार उपयोगी आहे, कारण इथे पहिली अडचण शब्दांचीच असते.

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी 1980च्या दशकात जपानी बायकांशी बोलून हे दाखवून दिलं. त्या वयाला जपानीत ‘कोनेन्की’ म्हणतात. अमेरिका-कॅनडातल्या बायकांच्या मानाने जपानी बायकांनी झळा, म्हणजे अंगातून अचानक उठणारी उष्णता, फार कमी सांगितल्या. त्यांच्या तक्रारींत खांदे आखडणं आणि डोकेदुखी पुढे होती. या झळेला, इंग्रजीतल्या ‘हॉट फ्लश’ला, जपानीत चपखल असा एकच शब्दही नव्हता. पुढे अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात असं आढळलं, की वारंवार येणाऱ्या झळा तिथल्या जपानी वंशाच्या बायकांना साधारण 4.8 वर्षं, तर कृष्णवर्णीय बायकांना 10.1 वर्षं टिकतात. म्हणजे एका देशात छापलेली लक्षणांची यादी दुसरीकडे नेऊन ‘होय-नाही’ विचारलं, तर हाती अर्धंच येतं. आपल्याकडे कुणी ‘वाफा निघतात’ म्हणतं, कुणी ‘तळपाय जळतात’, तर कुणी नुसतंच ‘जीव घाबरा होतो’. हे सगळं कागदावर यायला हवं.

झळ येते कशी? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. आतलं तापमान साधारण 0.4 अंश सेल्सिअसने इकडेतिकडे झालं तरी ते एरवी दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं, की शेजारच्या काही चेतापेशी अति चेतवल्या जातात आणि ही मुभा जवळजवळ संपते. मग चहाचा एक घोट किंवा बंद खोलीसुद्धा पुरते. त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो, आणि उष्णता भराभर निघून गेल्यामुळे शेवटी थंडी वाजते. हा क्रम नकाशात दिसतो: छातीपासून वर चढणारा लाल रंग, कपाळावर थेंब, आणि शेवटी निळे हातपाय.

नकाशा करायला दहा-बारा जणी, अडीच तास आणि दार लावता येईल अशी खोली लागते. ब्राउन पेपरच्या दोन पट्ट्या मागून चिकटपट्टीने जोडून सहा फूट बाय साडेतीन फुटांचा कागद करा. वर्तमानपत्राचा कागद खडूच्या दाबाने फाटतो. चौघींत एक नकाशा. एक जण आडवी होते, दुसरी जाड पेन्सिलीने कडा उमटवते. साडी असेल तर पदर खोचायचा आणि कड गुडघ्यापर्यंतच काढायची, बाकीची हाताने पुरी करायची. नाहीतर निऱ्यांमुळे घंटेसारखा आकार येतो आणि आडवी झालेली बाई संकोचते ती वेगळीच. गुडघे दुखत असतील तर कागद भिंतीला लावून उभ्यानेच काढा.

रंग आधी ठरवून घ्या. उष्णतेला लाल, थंडीला निळा, दुखण्याला काळा, रक्तस्रावाला जांभळा. रक्ताला लाल दिला, की झळा आणि अंगावरून जाणं यांची गल्लत होते, आणि नकाशा वाचणाऱ्या नर्सला नेमकी तीच दोन वेगळी दिसायला हवीत. प्रत्येक खुणेशेजारी ‘रात्री किती वेळा, किती मिनिटं’ हे लिहा. फोटो नाहीत, नावं नाहीत, नुसता क्रमांक.

शेवटचा अर्धा तास आरोग्यसेविकेचा किंवा डॉक्टरांचा. नकाशा निदान करत नाही: धडधड आणि उकाडा थायरॉइडमुळे असू शकतो, थकवा रक्त कमी असल्यामुळे. सलग 12 महिने पाळी न आल्यावरच ती गेली असं म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात. त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी करायलाच हवी, कारण अशा शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. अशी जांभळी खूण दिसली, की ती बाई अंगावर काढणार नाही याची व्यवस्था त्याच दिवशी करा.

महाराष्ट्रात हे काम सर्वांत आधी बीडमध्ये व्हायला हवं. 2019मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार, पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात, मग पिशवी काढलेलीच बरी, असं वाटायला लावलं जातं. इथे चित्रात दोन अवयव वेगवेगळे दाखवावेत. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात. बीजांडकोशही काढले तर तिशीतल्या बाईलाही काही दिवसांत झळा सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. आपलं नेमकं काय काढलं हे अनेकींना माहीत नसतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत आणायला सांगा.

जागतिक रजोनिवृत्ती दिन 18 ऑक्टोबरला असतो. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघायची धांदल सुरू झालेली असते, त्यामुळे बीडमध्ये कार्यक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. आठवडी बाजारात पथनाट्य किंवा भारूड करायचं तर 12 ते 15 मिनिटांत आटपावं. चिडचिडी बायको हे हशा मिळवायचं पात्र केलं, तर समोरच्या बाया मान खाली घालतात आणि तिथेच प्रयोग फसतो.

मागणीही नेमकी हवी. इंग्लंडमध्ये रजोनिवृत्तीवरच्या मोहिमेने एकच गोष्ट लावून धरली, या त्रासावरच्या हार्मोनच्या औषधांचा खर्च. एप्रिल 2023पासून तिथे 19.30 पौंड एकदाच भरून ही औषधं वर्षभर मिळण्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं. आपल्याकडे नकाशांखाली लिहावं: प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार चाळिशीपुढच्या बायकांसाठी, हिमोग्लोबिन आणि रक्तदाबाच्या तपासणीसह. नकाशे केंद्राच्या रांगेशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावा. तीन महिन्यांनी त्याच बायकांना हिरवा खडू द्या. मधल्या काळात कुठे दाखवलं, काय घेतलं आणि काय कमी झालं, ते त्यांनी त्याच कागदावर भरायचं.