सीसीटीव्ही पहारा आणि खासगीपणा : बेळगाव सीमाभाग

रस्ते, चौक, बाजारपेठ, बसस्थानक, देऊळ, टोलनाका अशा सर्वांच्या वावराच्या जागी कॅमेरे लावून तिथली हालचाल सतत टिपणे आणि ते चित्रण काही काळ साठवून ठेवणे, याला सार्वजनिक कॅमेरा-देखरेख म्हणतात. बोलण्यात कोणी एवढे लांब नाव घेत नाही, ‘सीसीटीव्ही’ किंवा नुसता ‘कॅमेरा’. या कामासाठी मराठीत जुने दोन शब्द आहेत, पहारा आणि पाळत. पहारा आपल्यासाठी असतो, पाळत आपल्यावर असते. बेळगावातल्या कन्नड फलकांवर ‘कण्गावलु’ हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ डोळ्यांनी केलेली राखण, म्हणजे तो पहाऱ्याच्या बाजूचा. खांबावरचा कॅमेरा एकच असतो. तो पहारा आहे की पाळत, हे चित्रण कोणाच्या हातात जाते, किती दिवस राहते आणि कशासाठी उघडले जाते, यावर ठरते. सीमाभागात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. तिथे चोर पकडायला लावलेल्या कॅमेऱ्याखालूनच मोर्चा जातो, आणि गाडीची नंबरप्लेट नुसता नंबर सांगत नाही, राज्यही सांगते.

बेळगावात कॅमेरे आधी आले ते सराफकट्ट्यावर, बँकांत आणि कापडाच्या दुकानांत. गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्ली या पेठांत गिऱ्हाईक आणि गल्ला दोन्हींवर नजर ठेवायला व्यापाऱ्यांनी ते स्वतःच्या खर्चाने बसवले. सरकारी कॅमेऱ्यांना खरा वेग आला तो नंतर. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेची पहिल्या २० शहरांची यादी जाहीर झाली, तीत बेळगाव होते. या योजनेतून शहराचे एकत्रित नियंत्रण केंद्र उभे राहिले. दरम्यान राज्यात कर्नाटक सार्वजनिक सुरक्षा (उपाययोजना) अंमलबजावणी अधिनियम, २०१७ आला. जिथे एका वेळी १०० किंवा त्याहून अधिक लोक जमू शकतात अशा आस्थापनांना, म्हणजे दुकाने, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, प्रार्थनास्थळे, बसस्थानके यांना कॅमेरे लावणे आणि चित्रण ३० दिवस जपणे या कायद्याने बंधनकारक झाले. लोकांच्या मनातला ‘पोलिसांचा कॅमेरा’ म्हणूनच पुष्कळदा पोलिसांचा नसतो. तो वाण्याचा, सराफाचा किंवा देवस्थान समितीचा असतो, आणि तपासाच्या वेळी पोलीस तो मागून घेतात.

हे ३० दिवस कागदावर सोपे दिसतात. मध्यम दर्जाचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट वेगाने लिहीत असेल, तर एका दिवसात सुमारे २१.६ गिगाबाइट भरतात. चार कॅमेऱ्यांचा संच आणि एक टेराबाइटची डिस्क, ही छोट्या दुकानाची नेहमीची खरेदी. ती डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि त्यानंतर यंत्र सगळ्यात जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. महिनाभर टिकवायचे तर अडीच टेराबाइटच्या पुढे जावे लागते. चित्रण दाबून कमी जागेत साठवण्याची नवी पद्धत वापरली किंवा हालचाल असेल तेव्हाच टिपण्याची सोय चालू केली तर दिवस वाढतात, पण बसवून देणारा माणूस ते समजावत बसत नाही आणि मालक विचारत नाही.

बाजारगल्लीतल्या जुन्या दुकानात हे यंत्र कुठे असते ते पाहण्यासारखे आहे. गल्ल्याच्या वर देवाची फळी, तिच्या बाजूला गुंडाळलेल्या वायरींच्या वेटोळ्यात डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र), त्यावर धूळ बसू नये म्हणून टाकलेला रुमाल. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. घड्याळ सात-आठ मिनिटे पुढे किंवा मागे, कारण वीज गेली-आली की ते चुकते आणि लावायला कोणी बसत नाही. या सात-आठ मिनिटांवर पुढे न्यायालयात तासभर उलटतपासणी चालू शकते. बाहेरच्या कॅमेऱ्याची वेगळीच रड. रात्री त्याच्या अवरक्त दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर जाळे विणतो. मग रात्रभर पांढरा पडदा. बेळगाव-खानापूरच्या पावसात भिंगावर थेंब साचले की गाडीचा नंबर सोडाच, गाडीचा रंगही सांगता येत नाही.

तरीही उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. टिळकवाडीत किंवा शहापुरात सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र दुचाकीवरून हिसकावून नेले, तर तपास पूर्वी साक्षीदाराच्या आठवणीवर चालायचा. आता पोलीस शिपाई गल्लीच्या तोंडाच्या दुकानापासून सुरुवात करतो, दुचाकी कुठल्या बाजूला वळली ते बघतो, मग पुढच्या दुकानात जातो. अशी एकेक दुकानाची माळ ओवत तो नाक्यापर्यंत पोहोचतो. अपघात करून पळालेली गाडी, हरवलेले मूल, बसस्थानकावरचा खिसेकापू, या सगळ्यांत हीच पद्धत. गुन्हा घडून गेल्यावर कॅमेरा जेवढा कामी येतो तेवढा तो गुन्हा रोखण्यात येत नाही. विक्रेते नेमके उलटे सांगतात.

माळ तुटते ती सीमेवर. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर कर्नाटकाच्या बाजूला बाची, पलीकडे चंदगड तालुक्यातले शिनोळी. माणसांना ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडायची सवय आहे. चंदगडचा शेतकरी भाजी घेऊन बेळगावात येतो, निपाणीचा माणूस दवाखान्याला कोल्हापूर गाठतो. चित्रण मात्र आपोआप ओलांडत नाही. एका राज्याच्या पोलिसांना दुसऱ्या राज्यातल्या दुकानाचे किंवा नाक्याचे चित्रण हवे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली रीतसर मागणी करावी लागते. त्या पत्रव्यवहारात साडेअकरा दिवस कधी संपतात कळत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर निपाणीजवळ कोगनोळीचा टोलनाका आहे. सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचणाऱ्याला हे नाव सांगायला नको, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना अडवले जाते ते बहुधा इथेच. टोलनाक्यावरचे कॅमेरे फास्टॅगसाठी आणि वादावादीचा पुरावा म्हणून असतात. पण नंबरप्लेट आपोआप वाचणारे कॅमेरे एकदा बसले की एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरची आणि केए २२ म्हणजे बेळगावची गाडी, ही चाळणी लावणे यंत्राला अगदी सोपे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा दगड मारणाऱ्यांना कसलेही यंत्र लागले नव्हते, प्लेट डोळ्यांनी वाचता येत होती. त्या प्रसंगी नाक्यावरचे चित्रण गाडीवाल्याच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. तेच चित्रण, मेळाव्याला कोणकोणत्या गाड्या आल्या हे मोजायला वापरले, तर गोष्ट बदलते. पहारा आणि पाळत यांतले अंतर एवढेच आहे.

मिरवणुका आणि मोर्चे हा इथला दुसरा नाजूक भाग. बेळगावात गणेश विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालते. शिवजयंतीची पारंपरिक चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते. मंडळांनी मंडपात कॅमेरे लावावेत असा पोलिसांचा आग्रह असतो, आणि मंडळांनाही तो पटतो, कारण दागिने आणि दानपेटी दोन्ही मंडपातच असतात. गर्दीत लेकीबाळींना त्रास देणारे टिपले जातात याबद्दल गल्लीतले पंचही समाधानी असतात. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीला मात्र तीच माणसे कॅमेऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. खांबावरच्या कॅमेऱ्यांच्या जोडीला तिथे पोलिसांचे हातातले कॅमेरे असतात. फेरीत चालणाऱ्या पोराला घरचे वडीलधारे हळूच सांगतात, ‘वर कॅमेरा बघुलाय.’ रावडी शीट (पोलिसांकडची गुंडांची नोंद), तडीपारी, बंधपत्र हे शब्द इथल्या मराठी घरांत पाठ आहेत, त्यामुळे चेहरा टिपला जाण्याची भीती हवेतली नाही. शांततेने निषेध करणाऱ्याला ओळखून ठेवणे हा गुन्ह्याचा तपास नव्हे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. दंगल झाली तर ओळख पटवणे हा तपास आहे, हेही तितकेच खरे.

कायदा या भेदापर्यंत यायला वेळ लागला. खडक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या रात्री-अपरात्री घरी येऊन तपासणी करण्याच्या नियमाला रद्द ठरवले, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे मानले नाही. ते मानले गेले २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या एकमुखी निकालात. तो निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, आणि याचिका त्यांनी आधार योजनेविरुद्ध केली होती. या निकालानुसार सरकारला खासगीपणात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. रस्त्यावर आलो म्हणून खासगीपणा घरी ठेवून आलो असे होत नाही, हेही त्यात आले. मात्र सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चेहऱ्याच्या चित्रणालाही लागू पडू शकतो, पण त्याच्या कलम १७ मध्ये राज्ययंत्रणांना सूट देण्याची मोठी मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे. खांबावरचे कॅमेरे बरेचसे त्याच मुभेच्या छायेत येतात.

सरकारी कॅमेऱ्यांपेक्षा रोजची भांडणे शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावरून होतात. जुन्या गल्ल्यांत घरे समोरासमोर, मध्ये आठ-दहा फुटांचा बोळ. आपल्या दारावर लावलेल्या कॅमेऱ्यात समोरच्यांचे अंगण, नळ आणि वाळत घातलेले कपडे आल्याशिवाय राहत नाहीत. न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा किंवा खासगी क्षण टिपला तर तो, चित्रण बाईचे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. एकाच घरातल्या राहत्या भागात सहमालकाच्या संमतीशिवाय कॅमेरे लावता येणार नाहीत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. बोळातल्या भांडणाला मात्र अजून पंचांचाच तोडगा चालतो. कॅमेरा थोडा खाली वाकवायचा किंवा यंत्रातच समोरच्या दाराचा भाग काळा करून टाकायचा. ही काळ्या चौकटीची सोय जवळपास प्रत्येक डीव्हीआरमध्ये असते.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या बाजूला कॅमेऱ्याचा आणखी एक प्रकार भेटतो. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला, उष्ण अंगाची हालचाल झाली की फोटो काढणारा. तो वाघ-बिबट्यांसाठी असतो, पण जंगलातल्या पायवाटा जनावरे आणि माणसे वाटूनच वापरतात. सरपण, कोकम, शिकेकाई गोळा करायला गेलेल्या बायका त्यात येतातच. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कॅमेऱ्यांमुळे बायकांचे जंगलातले मोकळे बोलणे-गाणे कसे आटले ते नोंदले आहे. आपण चोरी करत नाही हे माहीत असूनही माणूस कॅमेऱ्यासमोर जपून चालतो. गावात मनुष्य-वन्यप्राणी संघर्ष वाढला की हेच कॅमेरे गावकरी स्वतः मागतात.

चित्रण पुराव्यात आणायचे तर त्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. ही अट पक्की करणारा १४ जुलै २०२० चा निकाल जालन्याचा, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांवरून ठरवायचे होते. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. चित्रण किती टिकवायचे याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. पोलीस ठाण्यांतले कॅमेरे, ज्यांचा रोख पोलिसांवरच आहे, त्यांचे चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितले. मतदान केंद्रांवरचे चित्रण, निकालाला आव्हान दिलेले नसेल तर, ४५ दिवसांनी नष्ट करावे असे निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये कळवले, आणि ते चित्रण खुले न करण्याच्या कारणांत मतदारांचा खासगीपणाही पुढे केला. आस्थापनांना ३० दिवस.

ज्याचे चित्रण झाले त्याला ते मागायचे असेल तर सरकारी यंत्रणेकडे अर्ज मराठीत देता येतो. संविधानाचा अनुच्छेद ३५० कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो. अर्जात कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि अंदाजे वेळ लिहावी, घड्याळ चुकीचे असू शकते म्हणून आगेमागे अर्धा तास धरून, आणि चित्रण पुसले जाऊ नये अशी विनंती पहिल्याच ओळीत करावी. पोच घ्यावी. मग त्याच दिवशी दुकानात जाऊन डिस्क केवढी आहे ते विचारावे.