माउंटन बाइकच्या फोर्कचं डॅम्पिंग

माउंटन बाइकच्या पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांच्या भागात, दोन वेगवेगळी कामं चालतात. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, मग ती हवेची असो नाहीतर कॉइलची, आणि ती स्प्रिंग किती वेगाने दबणार आणि किती वेगाने परत उघडणार हे ठरवतो डॅम्पर. साधारणपणे एका नळीत स्प्रिंग, दुसरीत डॅम्पर. डॅम्परमधलं तेल बारीक भोकांतून आणि शिम नावाच्या पातळ चकत्यांमधून ढकललं जातं, त्या अडथळ्यात धक्क्याची ऊर्जा उष्णता बनून निघून जाते.

फोर्क दबताना लागतं ते कॉम्प्रेशन डॅम्पिंग, उघडताना लागतं ते रिबाउंड. महागड्या फोर्कवर कॉम्प्रेशनचे लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन नॉब असतात आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण हा स्पीड सायकलचा नाही, फोर्क दबण्याचा आहे. ब्रेक मारल्यावर पुढचा भाग हळूहळू खाली जातो ते लो-स्पीड, आणि अगदी रमतगमत जातानाही चाक धारदार दगडावर आपटलं तर ते हाय-स्पीड.

नॉबला हात लावायच्या आधी सॅग बघायचा. हेल्मेट, बॅग, सगळं घालून पेडलवर उभं राहिल्यावर फोर्क किती दबतो ते. क्रॉस-कंट्रीला एकूण ट्रॅव्हलच्या (फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्या अंतराच्या) 15 ते 20 टक्के, ट्रेल आणि त्याहून रांगड्या रायडिंगला 20 ते 30 च्या मध्ये कुठेतरी. हवा भरल्यावर फोर्क काही वेळा दाबून प्रेशर परत बघा, आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्ये (मुख्य हवेच्या उलट दिशेने ढकलणाऱ्या छोट्या कप्प्यात) हवा गेली की आकडा थोडा उतरतो. हवा चुकलेली असेल तर डॅम्पिंगचे नॉब कितीही फिरवा, उपयोग शून्य.

मग रिबाउंड, आणि खरी मेख इथेच आहे. रिबाउंड फार स्लो असला की एका खड्ड्यातून फोर्क पूर्ण उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि फोर्क दर वेळी आणखी खाली बसत जातो, याला पॅकिंग म्हणतात. रायडरला मात्र जाणवतं की फोर्क कडक झालाय, हात दुखतायत, म्हणून तो हवा कमी करतो, मग फोर्क आणखीच खाली बसतो आणि त्रास वाढतो! अशा वेळी रिबाउंड एक-दोन क्लिक (नॉब फिरवताना जाणवणारे टप्पे) फास्ट करून बघायचा. उलट हँडल हाताला लाथ मारल्यासारखं उसळत असेल, चाक जमिनीवर टिकत नसेल तर रिबाउंड स्लो करायचा. हवा वाढवली की स्प्रिंगचा जोर वाढतो, त्यामुळे रिबाउंडही थोडा स्लो करावा लागतो. क्लिक मोजायचे ते नॉब पूर्ण बंद करून तिथून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

ब्रेकवर फोर्क फार डुबकी मारत असेल आणि सॅग बरोबर असेल तर लो-स्पीड कॉम्प्रेशन एक-दोन क्लिक वाढवा. मोठ्या उडीत फोर्क तळाला आपटत असेल तर एअर फोर्कमध्ये व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा, त्याने शेवटी शेवटी फोर्क जास्त कडक होतो) टाकणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं, कॉम्प्रेशन वाढवत बसलं की छोट्या दगडांवरचा मऊपणा जातो.

नॉब या टोकाचा त्या टोकाला नेऊनही काहीच फरक पडत नसेल तर प्रश्न सेटिंगचा राहत नाही. दबताना सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळाच जातो आणि आतून गुळगुळ आवाज येतो, म्हणजे तेलात हवा शिरलीय, ब्लीड करावं लागेल, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल (नुसता सुळसुळ आवाज मात्र नॉर्मल). फोर्क अडखळत दबत असेल तर सील कोरडे पडलेत किंवा ॲक्सल बसवताना दोन्ही लेग सरळ रेषेत आलेले नाहीत. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी खालच्या लेगची सर्व्हिस साधारण 50 तासांच्या रायडिंगनंतर करायला सांगते. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं आणि रिबाउंड आपोआप स्लो वाटतो, तेव्हा रिबाउंड एखाद-दुसरा क्लिक फास्ट केला तरी भागतं.

अगदी स्वस्त कॉइल फोर्कमध्ये बऱ्याचदा तेलाचा डॅम्पर नसतोच, वरचा नॉब फक्त लॉकआउटचा (फोर्क दबूच न देण्याचा) किंवा स्प्रिंगच्या प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचा) असतो, त्यामुळे त्यात रिबाउंड शोधत बसू नका.