सँक्च्युअरी शहरे: चर्चच्या दारापासून तुरुंगातल्या ४८ तासांपर्यंत

सँक्च्युअरी, म्हणजे आश्रय देणाऱ्या, शहरात पोहोचलेल्या माणसाला कुणी हात लावू शकत नाही, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतली ही शहरे केंद्राच्या स्थलांतर खात्याला अडवत नाहीत. आपले पोलीस आणि आपला तुरुंग त्याच्या धरपकडीच्या कामाला देत नाहीत, इतकेच. पण कागदपत्रे नसलेल्या माणसासाठी हे इतकेच फार मोठे असते.

सुरुवात लॉस एंजेलिस पोलिसांच्या १९७९ च्या 'स्पेशल ऑर्डर ४०' पासून धरतात: केवळ स्थलांतराचा दर्जा तपासण्यासाठी कुणाला हटकायचे नाही. लुटला गेलेला मजूरच पोलिसांना घाबरला, तर फिर्याद देणार कोण?

'सँक्च्युअरी' हा शब्द मात्र चर्चमधून आला. एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातून जीव वाचवून आलेल्यांना आश्रय नाकारला जात होता. १९८४ मध्ये त्यांचे तीन टक्के अर्जही मंजूर झाले नाहीत. ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ रोजी त्यांच्यासाठी उघडपणे दार उघडले. पुढे याच कामासाठी तिथल्या पाद्रींसह आठ जण दोषी ठरले, पण तुरुंगात कुणालाच जावे लागले नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ मध्ये याच भावनेला कायद्याचे रूप दिले.

१९९६ च्या केंद्रीय कायद्याने स्थलांतर दर्जाची माहिती खात्याला देण्यावर बंदी घालायला मनाई केली. त्यावर अनेक शहरांचा तोडगा साधा होता: दर्जा विचारायचाच नाही. जे नोंदवलेच नाही, ते देणार कुठून?

खरी लढाई 'डिटेनर'वर, म्हणजे कैद्याला धरून ठेवण्याच्या स्थलांतर खात्याच्या विनंतीवर आहे. २००८ पासून आलेल्या व्यवस्थेत अटक होताच बोटांचे ठसे एफबीआयमार्फत स्थलांतर खात्याकडे जातात. ते कोणतेही शहर थांबवू शकत नाही. मग तुरुंगाला विनंती येते की सुटकेची वेळ झाल्यावरही याला ४८ तास धरून ठेवा. त्यावर सही अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नव्हे. ओरेगनमधल्या केंद्रीय न्यायालयाने २०१४ मध्ये, केवळ या कागदावर एका महिलेला डांबणे घटनाबाह्य ठरवून काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, जबाबदार धरले. त्यानंतर अनेक शेरीफांनी, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांनी, डिटेनर पाळणे बंद केले.

गफलत होते ती इथेच. तुरुंग बहुधा काउंटीचा असतो, शहराचा नव्हे. सॅन फ्रान्सिस्को शहरही आहे आणि काउंटीही, म्हणून तिथे नियम सलग लागू होतो. इतरत्र महापौरांचा आदेश पोलीस चौकीपर्यंतच चालतो. तुरुंगाच्या फाटकावर शेरीफचे धोरण. त्याहून वर राज्य: टेक्सासने २०१७ मध्ये अशा धोरणांवरच बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१८ पासून राज्यभर डिटेनर पाळणे थांबवले. तिथेही ठरावीक गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याच्या सुटकेची तारीख स्थलांतर खात्याला कळवायला मुभा आहेच.