मृगातला वायू आणि त्याची जड भावंडे

पौषात ग्वाल्हेरला कडाक्याची थंडी पडते, आणि तिथल्या लष्कर नावाच्या वस्तीतल्या जुन्या मराठी घरांतून वडीलधारी माणसे निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढली आहे ना, हे स्वतः पाहून येतात; कारण बंद खोलीत कोळसा अर्धवट जळला की रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि झोपेतच जीव घेतो. त्याच रात्री गच्चीवरून मृग नक्षत्र पाहावे. मृगाला लागलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधुक तेजोमेघ दिसतो, त्याच्या दिशेने १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास या शास्त्रज्ञांनी अ‍ॅरिझोनातील किट पीकची ११ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण रोखली, तेव्हा त्यांना हाच वायू सापडला.

तारे ज्या मेघांत जन्मतात ते मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात. परंतु या रेणूचे दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे त्याला विद्युत द्विध्रुव, म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरे ऋण अशी विभागणी, नसतो, आणि मेघातल्या सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअसच्या थंडीत तो जवळजवळ मुकाच राहतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू मात्र हायड्रोजनच्या टकरींनी तेवढ्या थंडीतही गिरक्या घेऊ लागतो आणि गिरकी थांबताना २.६ मिलिमीटर तरंगलांबीची लहर सोडतो. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे तो साधारण एकच असतो, तरीही मेघाचा ठावठिकाणा त्याच्यावरूनच लागतो.

अडचण अशी की, एवढेसे प्रमाणही फार ठरते. दाट धुक्याच्या सकाळी लष्करातून किल्ला दिसत नाही, दिसतो तो समोरचा पांढरा पडदा. तसेच मेघाच्या पोटातून निघालेली लहर वाटेतले त्याच जातीचे रेणू शोषून घेतात आणि आपल्यापर्यंत केवळ पृष्ठभागाची वार्ता पोहोचते. इथे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू, कामी येतात. कार्बन-१३ असलेला रेणू किंचित जड, म्हणून त्याची लहर ११५.३ ऐवजी ११०.२ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर येते. ऑक्सिजन-१८ असलेल्याची १०९.८ वर. सूर्याच्या परिसरातील मेघांत कार्बन-१३ साठ-सत्तर अणूंत एक, तर ऑक्सिजन-१८ सुमारे पाचशेंत एक, त्यामुळे यांचे धुके विरळ असते आणि नजर आतवर जाते. मेघ पारदर्शक असता तर नेहमीच्या रेणूची रेषा (म्हणजे त्याच्या लहरीची वर्णपटातली खूण) कार्बन-१३ च्या रेषेहून साठपट प्रखर दिसली असती. प्रत्यक्षात अनेक मेघांत ती दहापटही नसते, आणि या तफावतीवरूनच वायूची दाटी मोजता येते.

हे मोजमाप सरळ नाही. आकाशगंगेच्या केंद्राकडे कार्बन-१३ चे प्रमाण वीस-पंचवीसांत एकापर्यंत वाढते. मेघाच्या कडेला ताऱ्यांचे अतिनील किरण रेणू फोडतात, तेव्हा नेहमीचे रेणू संख्येने इतके असतात की बाहेरचे आतल्यांना आडोसा देतात. ऑक्सिजन-१८ वाल्यांजवळ तेवढे संख्याबळ नसल्यामुळे ते अधिक खोलवर फुटत जातात. आणि सर्वांत थंड, दाट गाभ्यात तर कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर बर्फासारखा गोठून बसतो, मग जड भावंडेही गप्प होतात. तिथे खगोलशास्त्रज्ञ नायट्रोजनच्या दोन आणि हायड्रोजनच्या एका अणूचा धनभारित रेणू शोधतात, कारण त्याचा नाश करणारा कार्बन मोनॉक्साइड गोठला की तो टिकून राहतो.