स्क्रीन प्रिंटिंगच्या चित्राची पार्श्वभूमी : लग्नपत्रिकांच्या गाळ्यांपासून डिझाइनच्या वर्गापर्यंत

डिझाइन शिकणारा मुंबईतला एखादा विद्यार्थी स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून, छापलेल्या चित्रांकडे वळतो, तेव्हा त्याला प्रथम भुरळ पडते ती त्यांतल्या सपाट, भरीव रंगांची, दोन रंग एकमेकांवर चढल्याने उमटणाऱ्या तिसऱ्या छटेची आणि कागदावर बोट फिरवले की जाणवणाऱ्या शाईच्या थराची. ही सारी त्याला चित्रकाराची शैली वाटते. इतिहास पाहिला तर तिचा बराचसा भाग छापखान्याच्या काटकसरीतून आलेला आहे, आणि ती काटकसर मुंबईच्या गाळ्यांमध्ये कलाशिक्षणाच्या नजरेआड कित्येक वर्षे चालू होती.

या तंत्राचे मूळ साध्या साच्यात आहे. जाड कागद किंवा पत्रा कापून मोकळ्या जागेतून रंग खाली उतरवायचा, ही युक्ती फार जुनी असून मालाच्या खोक्यांवर आणि गोण्यांवर व्यापाऱ्याचे नाव उमटवण्यासाठी आपल्याकडेही ती सर्रास वापरली गेली. तिची अडचण अशी, की आकाराच्या पोटातला सुटा भाग जागेवर राहत नाही. पत्र्यात ‘व’ कापला की गोलाच्या आतला तुकडा गळून पडतो. म्हणून मध्ये जोड ठेवावे लागतात आणि अक्षर तुटक दिसते. जपानमधील कापड छापणाऱ्या कारागिरांनी पर्सिमन फळाच्या रसाने पक्क्या केलेल्या तुतीच्या कागदाचे साचे कापले आणि सुटे तुकडे धरून ठेवण्यासाठी त्यांवर रेशमाचे बारीक धागे ताणले. धागे इतके बारीक, की रंग त्यांच्याखालीही पसरे आणि छापात त्यांची खूण राहत नसे. मोजक्या धाग्यांऐवजी चौकटीवर ताणलेले सबंध जाळीदार कापड घेतले की आजचा स्क्रीन तयार होतो.

मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये अशा रेशमी जाळीच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांच्या पद्धतीत रंग ब्रशने घासला जाई, रबरी पट्टीचा स्क्विजी नंतर रूढ झाला. जाळीचे कापडही मुळात छपाईसाठी विणलेले नव्हते. पिठाच्या गिरणीत चाळणीला लागणारे बोल्टिंग कापडच छापणाऱ्यांनी उचलले. पुढे प्रकाशाने कडक होणारे बायक्रोमेटचे मिश्रण जाळीवर चढवून फोटोच्या पद्धतीने साचा बनवणे शक्य झाले आणि अमेरिकेतल्या दुकानांच्या पाट्या व जाहिरातींचे काम या तंत्राकडे आले. १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात सरकारी कलायोजनेखाली भित्तिचित्रके (पोस्टर्स) छापणाऱ्या न्यूयॉर्कच्या विभागात अँथनी व्हेलोनिस यांनी हे तंत्र चित्रकारांना शिकवले. मोजके रंग, मोठे आकार आणि छायाप्रकाशाला फाटा, हा त्या भित्तिचित्रकांचा चेहरा वेळ आणि पैसा दोन्ही कमी असल्यामुळे घडला. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये कॅनव्हासवर स्क्रीन वापरायला सुरुवात केली ही गोष्ट कलेतिहासाच्या प्रत्येक तासाला सांगितली जाते. मात्र बोधचित्राच्या (इलस्ट्रेशनच्या) दृष्टीने मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी कलाशाळेत बसून रातोरात छापलेली एकरंगी भित्तिचित्रके अधिक महत्त्वाची आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. यंत्र नसले तरी चित्र हजारो लोकांपर्यंत पोहोचवता येते, हे त्यांनी करून दाखवले.

मुंबईत चित्र आणि छपाई यांचे नाते याहून जुने असले तरी ते वेगळ्या वाटेने गेले. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत उभा राहिला आणि तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन शिळाछापाची चित्रे निघू लागली. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. या काळातला मराठी वाचकांच्या ओळखीचा चित्रकार म्हणजे दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर. त्यांच्या मुखपृष्ठांतील गालांवरची लाली आणि वस्त्रांच्या चुण्या छापायला ठिपक्यांचे हाफटोन ब्लॉक लागत. छटांचे असे हळुवार चढउतार साध्या स्क्रीनला झेपत नाहीत. चित्रकाराची प्रतिष्ठा अशा छटांवर ठरत असल्यामुळे स्क्रीनकडे ‘कारागिरीचे काम’ म्हणून पाहिले गेले, तर त्यात नवल नाही. (साच्याच्याच कुळातले सायक्लोस्टाइल, म्हणजे मेणकागदाच्या साच्यातून प्रती काढण्याचे यंत्र, मात्र मुंबईच्या साहित्यिकांनी आनंदाने जवळ केले, ‘शब्द’ हे अनियतकालिक १९५४ मध्ये त्यावरच निघाले.)

स्क्रीन नांदला तो बाजारात. गिरण्यांच्या छपाई खात्यांत कापडावर तो होताच. शिवाय गिरगाव आणि सी. पी. टँकच्या परिसरातील लग्नपत्रिकांच्या धंद्याने त्याला घराघरांत नेले. लाल कागदावरचा सोनेरी गणपती आणि त्याखालचे ‘श्री गजानन प्रसन्न’ पुष्कळदा स्क्रीननेच छापलेले असे. काम चालते ते असे : प्रत्येक रंगाची वेगळी पॉझिटिव्ह फिल्म (पारदर्शक फिल्मवर त्या रंगाचा भाग काळा) काढतात, चौकटीवर ताणलेल्या जाळीला अंधाऱ्या खोलीत इमल्शन (प्रकाशाने कडक होणारे मिश्रण) लावून वाळवतात, फिल्म ठेवून स्क्रीन एक्सपोज करतात, म्हणजे तिच्यावर प्रकाश पाडतात, आणि पाण्याने धुतात. जेथे फिल्म काळी होती तेथले इमल्शन वाहून जाते आणि जाळी उघडी पडते. मग बिजागरीवर बसवलेली चौकट खाली आणून स्क्विजीच्या एका ओढीत शाई कागदावर उतरवायची, कागद उचलून वाळत घालायचा आणि पुढचा कागद त्याच खुणेला टेकवायचा. दुसरा रंग पहिला वाळल्यावर. मुंबईच्या पावसाळ्यात खरी परीक्षा होते, कारण दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो आणि कागद ओल धरून किंचित फुगतो. सकाळी छापलेल्या रंगावर दुसरा रंग संध्याकाळी केसभर सरकलेला दिसतो. म्हणून जुने छापणारे दोन रंगांच्या कडा मुद्दाम थोड्या एकमेकांवर चढवतात. विद्यार्थ्याला जी तिसरी छटा मोहक वाटते, तिचा एक उगम या खबरदारीत आहे.

बाजार आणि कला यांची गाठ पडली ती कापडाच्या निमित्ताने. हातमागासाठी नवे नमुने तयार करण्याच्या हेतूने १९५०च्या दशकात सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वाराणसी आणि मुंबई येथील केंद्रांत अनेक वर्षे काम केले. या केंद्रांमागे हातमाग-हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांची मोठी प्रेरणा होती. त्यांनीच १९६०च्या दशकातील दुष्काळात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना बिहारमधील मधुबनीला पाठवले, आणि पुढे कुलकर्णी तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर पोहोचले. तोवर लग्नाचा चौक (लग्नाच्या वेळी काढायचे चौकोनी चित्र) सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७०च्या दशकात कागदावर आणि कापडावर येऊन शहरात पोहोचली.

या चित्रांचे आणि स्क्रीनचे जमते, त्याला तांत्रिक कारण आहे. ऑफसेट यंत्रावरच्या छपाईत शाईचा थर पातळ आणि पारदर्शक असतो, त्यामुळे गडद कागदावर पांढरा रंग त्याने नीट उठत नाही. स्क्रीन मात्र कित्येक पट जाड आणि अपारदर्शक थर टाकतो. तपकिरी कागदावर पांढरी रेघ भिंतीवरच्या पिठासारखी ठसठशीत उमटते. चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने १९९०च्या दशकापासून हाताने स्क्रीन छापून, हाताने शिवलेली चित्रपुस्तके काढली, त्यांत वारली शैलीचे पुस्तक अगदी आरंभीच्या काळातले आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांच्या झाडांचे काळ्या कागदावरील पुस्तक २००६ मध्ये आले आणि २००८ मध्ये त्याला इटलीतील बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. डिझाइनच्या वर्गांत स्क्रीनला प्रतिष्ठा मिळाली ती बऱ्याच अंशी या पुस्तकांमुळे. गिरगावच्या पत्रिका त्याच हाताने छापल्या जात होत्या, तरी त्यांना हा मान कोणी दिला नाही, याची खंत वाटते.

दरम्यान बाजार पालटला. फलकांचे काम फ्लेक्सने घेतले, थोड्या प्रतींचे डिजिटल छपाईने. स्क्रीनकडे टी-शर्ट, पिशव्या, काचेच्या वस्तू आणि सोनेरी पत्रिका राहिल्या. औद्योगिक वसाहतीतल्या अशा गाळ्यात पन्नास प्रती छापून घ्यायला विद्यार्थी जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न येतो तो रंग किती, हा. प्रत्येक रंगामागे एक फिल्म, एक स्क्रीन आणि सर्व प्रतींचा एक पूर्ण फेरा वाढतो, त्यामुळे पाच रंगांचे चित्र घेऊन आलेला विद्यार्थी तेथेच बसून ते तीन रंगांत बसवू लागतो : कागद रंगीत घेतला तर पार्श्वभूमीचा स्क्रीन वाचतो, पिवळ्यावर पारदर्शक निळा चढवला तर हिरवा फुकट मिळतो, आणि बाह्यरेषा सर्वांत शेवटी गडद रंगात छापली तर खालचे सरकलेले रंग तिच्याआड झाकले जातात.