गोळा बदलायचा की रॉड टाकायचा?

“शेजारच्या काकूंचा गोळा बदलला, मग आमच्या आईला रॉड का?” मुंबईत ऑर्थोपेडिक वॉर्डच्या बाहेर हा प्रश्न हमखास कानावर येतो. खुबा दोघींचाही मोडलेला, पण एकाच जागी नाही. कोणतं ऑपरेशन करायचं, हे मुख्यतः त्या जागेवर ठरतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, त्याखाली मान आणि मानेच्या मुळाशी बाहेरून हाताला लागणारा उंचवटा. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. मान मोडून तुकडा सरकला की त्या तुटतात. मग स्क्रूने जोडलं तरी हाड न जुळण्याची किंवा गोळा निकामी होण्याची भीती राहते, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला दुसरं ऑपरेशन झेपत नाही. म्हणून गोळा काढून धातूचा बसवतात. तुकडा जागेवरच असेल तर बहुतेकदा स्क्रूवर भागतं.

गोळा बदलण्यातही दोन प्रकार. फक्त गोळा बदलला तर अर्धा सांधा, तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटीही बदलली तर पूर्ण. एकटं बाजारहाट करणाऱ्या, बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला पूर्ण सांध्याचा विचार करावा. पण तो निखळण्याचा धोका जास्त. स्मृतिभ्रंश असेल तर अर्धाच बरा, कारण सांगितलेली पथ्यं लक्षात राहत नाहीत. ठिसूळ हाडात नव्या गोळ्याचा मांडीच्या हाडात जाणारा दांडा सिमेंटने बसवलेला चांगला: हाड तडकण्याचा धोका कमी होतो. सिमेंट भरताना रक्तदाब घसरू शकतो, त्यामुळे भूलतज्ज्ञ त्या क्षणी सावध असतात.

उंचवट्यापाशी मोडलं तर रक्तपुरवठा भरपूर असतो, हाड जुळतं. प्रश्न ते सरळ धरून ठेवण्याचा. आधी टेबलावर पाय ताणून हाड जागेवर आणायचं, मग छोट्या छेदातून धातूचा रॉड हाडाच्या आत आणि त्यातून गोळ्यात स्क्रू. वाकडं राहिलेलं हाड रॉडने सरळ होत नाही. स्क्रूचं टोक गोळ्याच्या माथ्यापासून किती दूर आहे, हे समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेवर मोजतात. दोन्ही अंतरांची बेरीज 25 मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर स्क्रू मऊ हाड कापत बाहेर येण्याची शक्यता वाढते.

दोन्हींमध्ये शक्यतो दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. गोळा बदललेल्यांनी सुरुवातीचे काही आठवडे तरी बुटक्या स्टुलावर बसू नये, मांडी घालू नये. चाळीत भारतीय संडास असेल तर डिस्चार्जआधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. रॉडवाल्यांना सांधा निखळण्याची भीती नाही, पण पाय थोडा आखूड होऊ शकतो.

ऑपरेशन 36 ते 48 तासांत व्हावं. पडून राहिलं की न्यूमोनिया, बेडसोअर, पायात रक्ताच्या गाठी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅज्युअल्टीतच सांगा, शेवटचा डोस कधी घेतला त्यासकट. आणि डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध नसेल तर विचारून घ्या. दुसरा खुबाही तितकाच कमजोर असतो.